पद्मिनीला कागदी फिल्टर की धुऊन वापरायचा?

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरला हवेसाठी मूळ डब्यातला कागदी फिल्टर ठेवावा, की डबा काढून तेल लावलेला सुती जाळीचा उघडा फिल्टर बसवावा? दोन्ही वापरून मी कागदीवर परत आलो आहे, तेव्हा पारडं कुठे झुकणार ते ओघाने येईलच.

जाळीचं कौतुक खोटं नाही. दिसते देखणी, धुऊन वर्षानुवर्षं चालते आणि गाडी मोकळी पळाल्यासारखी वाटते. त्या वाटण्यात आवाजाचा वाटा बराच असावा. १०८९ सीसीच्या इंजिनाला स्वच्छ कागद कमी पडतो असं मला तरी जाणवलं नाही. उलट उघडा फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की ते कळतं.

मला नकोसं झालं ते तेल. जाळी आतून बाहेर, हलक्या धारेने धुवायची, सावलीत वाळवायची (जुलैत यात अख्खा दिवस सहज जातो), मग प्रत्येक घडीवर त्या फिल्टरसाठीच्या तेलाची एकच बारीक रेघ. वीसेक मिनिटांनी जिथे पांढरं दिसेल तिथे पुन्हा थोडं. तेल कमी पडलं तर बारीक धूळ आत जाते. जास्त झालं तर ते कार्ब्युरेटरच्या तोंडात उतरतं, त्यावर धूळ चिकटते आणि आयडलिंगच्या हवेचं बारीक भोक सगळ्यात आधी बुजतं. मिश्रण श्रीमंत होतं (हवा कमी, पेट्रोल जास्त), प्लग काळे पडतात, गरम इंजिन सिग्नलला गचके देत बंद पडतं आणि आपण मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो. स्क्रूला हात लावण्याआधी तोंडाच्या आत बोट फिरवून पाहा. तेलकट लागलं तर क्लीनर आणि कंप्रेसरची हवा पुरे; भोकात तार घालू नका, माप बिघडतं.

कागदाचं काम त्यामानाने निमूट. साधारण १०,००० किमीला, धुळीच्या रस्त्यावर त्याच्या निम्म्याला बदलायचा. गाडी कमी फिरत असेल तरी दोन वर्षांनी बदलावा, कारण कडेचं रबर कडक होतं. मधे एकदा आतून बाहेर कमी दाबाची हवा मारली तर चालते. आपटणं आणि धुणं नाही. आत बल्ब धरून प्रकाशाचा ठिपका दिसला की फेकून द्या. डब्याच्या आतल्या, स्वच्छ बाजूला धुळीची रेघ दिसली तर दोष कागदाचा नसून काठ नीट न बसल्याचा असतो.

कागद एका ठिकाणी मात्र हरतो. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील आणि इंजिनातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी डब्यात येत असेल, तर ऑइलच्या वाफेने तो महिन्याभरातही भिजू शकतो. पण तिथे फिल्टर बदलून उपयोग नाही, इंजिनाकडे बघावं लागेल.

जुन्या अँबॅसिडरवर एसयू कार्ब्युरेटर असेल तर कुठलाही फिल्टर लावा, फक्त गॅस्केट उलटं बसवू नका. तोंडाच्या फ्लँजवरची बारीक भोकं झाकली गेली की कार्ब्युरेटरमधल्या पिस्टनखाली हवा पोचत नाही, तो पुरता उचलला जात नाही आणि गाडी ओढत नाही. गॅस्केट आणि फिल्टरची मागची पट्टी, दोन्हींची भोकं जुळवूनच बोल्ट आवळा.