किलोच्या भावाने शिल्प घेताय? आमचा घड बघून जा

गावात स्टेनलेस स्टीलचं शिल्प बसवायचं चाललं असेल, तर पहिल्याच बैठकीत ठरवून टाका: सगळ्याला मिळून किलोमागे एकच भाव द्यायचा नाही. पत्र्याचा वेगळा, आतल्या सांगाड्याचा वेगळा.

आमचं गाव रावेर तालुक्यातलं, पोट केळीवर. 2016 मध्ये जळगावच्या केळीला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून फाट्यावर केळीचा भलामोठा घड उभा करायची हौस होती. वर्गणी जमली, ठेकेदार मिळाला. माणूस गोडबोल्या. 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा 2 मिलिमीटर पत्रा, आर्गन वेल्डिंग, बसवून देण्यासकट किलोचा भाव ठरला.

वर्कशॉपमध्ये त्याने खिशातून लोहचुंबक काढून पत्र्याला लावलं. चिकटलं नाही. "बघा नाना, अस्सल 304!" मेख इथेच आहे. 202 या स्वस्त ग्रेडच्या पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्के, 202 मध्ये 4 ते 6. बाकीचं स्वस्त मँगनीजवर भागवतात. पॉलिश केल्यावर दोन्ही सारखेच चमकतात. उलट ठोकून वाकवलेल्या खऱ्या 304 ला चुंबक कधीकधी थोडं ओढतं. म्हणजे ही परीक्षा निव्वळ गंमत.

माल वजनकाट्यावर गेला, वजन कोटेशनप्रमाणे भरलं, पैसे चुकते झाले. हायड्रा क्रेनने घड उचलला, फाउंडेशन बोल्ट आवळले, नारळ फुटला, फेटे, फोटो, सगळं.

पहिल्या पावसात सांध्यांमधून तपकिरी ओघळ उतरले. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "केयीले डाग पडला भो." ठेकेदार फोनवर म्हणाला, ग्राइंडिंगचे लोखंडी कण आहेत, पिकलिंग पेस्ट, म्हणजे डाग काढायचा आम्लाचा लेप, लावा. असे डाग पडतात हे खरं, पण ते वरवरचे असतात आणि पेस्टने जातात. आमचे गेले आणि पुढच्या सरीला त्याच सांध्यातून पुन्हा उतरले. याचा अर्थ गंज आतून येत होता.

शेवटी सावद्याहून ओळखीचा वेल्डर बोलावला. त्याने दांड्याच्या बुडाशी ग्राइंडरने चौकोन कापला, तर आधी वाळूच भुरभुरली. कोरडी, गच्च दाबून भरलेली. वाळू आम्ही स्टेनलेसच्या भावाने घेतली होती! मागे साध्या लोखंडाचे जाड चॅनल, प्रायमरचा हातसुद्धा नाही. कापलेल्या पत्र्याला मायक्रोमीटर लावला: 1.2 मिलिमीटर. 2 मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला 16 किलोच्या आसपास भरतो, 1.2 चा साडेनऊ. ही तूट वाळू आणि लोखंडाने भरून काढली होती. ग्रेड तपासायचं द्रावण बॅटरी लावून टाकलं, तर लालसर झालं. म्हणजे पत्राही 200 सिरीजचा, 202 च्याच जातीचा.

वकिलांना कागद दाखवले. बिलावर एवढंच: "धातुशिल्प, 1 नग." ग्रेड नाही, जाडी नाही, सांगाडा कशाचा ते नाही. वकील म्हणाले, काय कबूल केलं होतं हे सिद्ध कशावरून करणार? ठेकेदाराने आता फोन उचलणं बंद केलंय.

तेव्हा बाबांनो, कोटेशनवर ग्रेड आणि जाडी लिहून घ्या, वेल्डिंगचा रॉडही. 304 ला 308 एल चा लागतो. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचा तपासणी दाखला, मागा आणि त्यावरचा हीट नंबर (माल भट्टीच्या कोणत्या घाण्यातला ते सांगणारा आकडा) पत्र्यावरच्या छापाशी ताडून बघा. पत्रा कापायच्या आधी काट्यावर घाला, पावती तुमच्याकडे ठेवा. सांगाडा झाकण्याआधी कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघा, फोटो काढा. साचलेलं पाणी निघायला बुडाशी भोकं ठेवायला लावा. आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावर. याला जो तयार नसेल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.