फिलिप द्यूफूरचं सिम्प्लिसिटी: हातात घेऊन पाहिलं, त्याबद्दल

जिनिव्हात ऑक्शनच्या प्रीव्ह्यूला (लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तिथे) स्विस घड्याळजी द्यूफूर यांचं हे मनगटी घड्याळ हातात घ्यायला मिळालं, तेही ३७ मिमी व्यासाचं, आणि खरं सांगू का, समोरून बघितलं तर तीन काटे, त्यातला सेकंदाचा वेगळ्या छोट्या गोलात, बस, डेट पण नाही. पण उलटं करा आणि लूपमधून (घड्याळजीच्या भिंगातून) बघा! ब्रिजच्या, म्हणजे आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा अशा घासल्यात की आतल्या कोपऱ्यात दोन चकाकत्या कडा एकदम टोकदार मिळतात, तो कोपरा मशीनने निघतच नाही, तिथे माणसाचा हातच लागतो. द्यूफूर स्वित्झर्लंडमधल्या व्हाले द जू भागात बसून पॉलिशसाठी जेन्शन नावाच्या रोपाचा वाळलेला देठ वापरतात, आजही. २००० साली आलेलं हे मॉडेल, सगळी मिळून साधारण दोनशेच बनली, सुरुवातीची बरीच गिऱ्हाइकं जपानची.

किमतीचं बोलायलाच नको, २०२० मध्ये एक पीस १० लाख स्विस फ्रँकच्या वर गेला. चावी हातानेच द्यायची, ऑटोमॅटिकची सवय असणाऱ्यांना जड जाईल. मला मात्र फिनिशिंगमध्ये याच्या तोडीचं दुसरं काही दिसलेलं नाही, आणि कुठे प्रीव्ह्यू असेल तर नक्की जा, बघायला पैसे लागत नाहीत, फक्त लूप मागून घ्या.