रत्नागिरीत घर शोधून देणाऱ्या एजंट काकू : ५ पैकी ४ स्टार

सोलापूरच्या माणसानं समुद्राजवळ घर घ्यायचं म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, "कशाला ओ?" बायकोची बँकेतली बदली रत्नागिरीला झाली, पोरगं तिकडच्या शाळेत रमलं, आणि रत्नागिरी-नागपूर हायवेनं मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर करत आंबा घाट उतरलं की पोचतोय, बास की, एवढं कारण पुरे झालं. हा रिव्ह्यू घराचा नाही, ज्या एजंट काकूंनी ते मिळवून दिलं त्यांच्या कामाचा आहे. नाव टाकू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "नको हो, आहेत तेच फोन घ्यायला वेळ नाही." त्यामुळं नाव नाही. पण पद्धत लिहितो, कारण कोकणात घर बघणाऱ्यांना ती कुठल्याही एजंटकडं मागता येईल.

आधी मार्केटचं सांगतो. अलिबाग तर मुंबईहून गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि नंतर अटल सेतू झाला तेव्हापासून आपल्यासारख्यांनी नावच काढायचं नाही, मग ती सगळी गर्दी खाली दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरीकडं सरकतीय, त्यात रेवस-रेड्डी सागरी महामार्ग होणार म्हणून जो तो नकाशा उघडून बसलाय. चांगलं घर विकायला आलं की मुंबई-पुण्याची पार्टी हजर. आम्ही आधी दुसऱ्या काही एजंटांबरोबर फिरलो. एकानं "सी टच" म्हणून नेलं तिथं समुद्र बघायला गच्चीवर चढून मान वाकडी करावी लागत होती. आणि "संध्याकाळी मुंबईची पार्टी येतीय, आत्ता टोकन टाकून ठेवा, कागद काय नंतर बघू" हे वाक्य ह्या धंद्यात बहुतेक पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात.

मग बायकोच्या बँकेतल्या एका मॅडमनी ह्या काकूंकडं पाठवलं. ऑफिस म्हणजे घराचीच पुढची पडवी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर महारेराचं, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, सर्टिफिकेट. बसायच्या आधीच म्हणाल्या, "तो नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघा, मग बोलू." एजंटचा नंबर ए नं सुरू होतो आणि प्रोजेक्टचा पी नं, हे मला तिथं कळलं. २०२३ पासून एजंट लोकांना ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते, तर "ह्या वयात परीक्षेला बसले मी" हे त्यांनी जरा ऐटीतच सांगितलं. आणि हो, प्री-लाँच, म्हणजे नंबर यायच्या आधीच बुकिंग, वगैरेची भानगड त्या करत नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि ८ पेक्षा जास्त घरं असतील तर रेरा नंबर असल्याशिवाय जाहिरात पण करता येत नाही आणि बुकिंग पण घेता येत नाही, त्यामुळं "नंबर येऊदे, मग या" एवढंच बिल्डरच्या माणसाला फोनवर सांगताना मी स्वतः ऐकलं.

पहिला प्रश्न बजेटचा येईल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या नावावर सातबारा आहे का कुठे?" कारण कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, आणि कोकणात स्वस्तात म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंच शेतजमीनच असतं, "एनए काय होऊन जाईल", म्हणजे नंतर बिनशेती करून मिळेल, ह्या बोलीवर. आमची मोहोळ तालुक्यात जमीन आहे पण वडिलांच्या नावावर. म्हणाल्या, "होईल, पण दाखले जमवत बसाल. तुम्हाला राहायला घर हवंय ना? बाग नकोय ना? मग बिनशेती नाहीतर शहरातलं प्रॉपर्टी कार्डाचंच बघू." एका बसणीत आमची अर्धी यादी उडाली. मला तेव्हा जरा नाराजच वाटलं, कारण त्या यादीत नारळाची आगरं होती आणि मी मनातल्या मनात झोपाळा पण बांधून झालो होतो.

कागद आधी आणि घर नंतर, ही त्यांची सगळ्यात मोठी सवय. एका टुमदार चिऱ्याच्या घराचा आम्ही हट्ट धरला तेव्हा त्यांनी समोरच फोनवर डिजिटल सातबारा काढला, १५ रुपयात येतो तो, आणि अंगठ्यानं नावं वर सरकवायला लागल्या, तर ती संपेचनात. "हे मुंबईला. हे बडोद्याला. ह्या वारल्या, पण वारस लागलेले नाहीत. हे कोण मलाही माहीत नाही. आणि तुम्हाला घर दाखवणारा ह्या तिसऱ्यांचा पुतण्या, त्याचं तर नावच नाही ह्यात." मग इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवून थांबल्या, तिथं जुन्या कुळाचं, म्हणजे पूर्वी ती जमीन कसणाऱ्याचं, नाव होतं. फोन उलटा ठेवला आणि चहा मागवला. आपल्याकडं जुळे सोलापूरला प्लॉट बघताना गुंठेवारी आहे का, लेआऊट मंजूर आहे का, एवढं विचारलं की माणूस स्वतःला हुशार समजतो. तिकडं जमीन सामाईक, हिस्सेदार चार गावांत, आणि घरापर्यंत जाणारी वाट शेजाऱ्याच्या आगरातून. ती वाट कागदावर आहे का नुसती तोंडी, हे काकू प्रत्येक ठिकाणी विचारायच्या.

समुद्र दिसायला पाहिजे ही बायकोची अट होती. तर आरे-वारेच्या रोडला एक जागा दाखवायला नेलं, वरून खाली सगळा किनारा दिसतोय, बायको गाडीतून उतरली ती परत बसायलाच तयार नाही. काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात म्हणून दाखवली, घ्यायची नाहीये." मग बॉनेटवर नकाशाची प्रिंट पसरून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम लागणारा पट्टा, समजावलं. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत त्याचे नियम लागतात. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन भाग केलेत, जिथं २०११ च्या जनगणनेप्रमाणं चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तिथं ५० मीटर ना-विकास क्षेत्र आणि बाकी ठिकाणी २०० मीटर. आता वाड्यावाड्यांचं गाव कुठनं एवढं दाट असणार. ना-विकास पट्ट्यात जुनं अधिकृत घर असलं तर आहे त्याच जोत्यावर, आहे तेवढंच ठेवून दुरुस्त करता येतं, पण रिकाम्या जागेवर बंगल्याचं स्वप्न बघायचं नाही. आणि भरतीरेषा आपण उभं राहून डोळ्यानं ठरवायची नसते, ती मंजूर नकाशावर असते, हे त्यांनी दोनदा बजावलं. येताना मुद्दाम मिऱ्याकडनं गाडी घ्यायला लावली, तिथं समुद्रानं किनारा कसा खाल्लाय आणि बंधारा का घालावा लागला ते दाखवलं. त्यानंतर समुद्र दिसायच्या अटीचं बायकोनंच "गाडीवर दहा मिनिटांत पोचलं तरी चालेल" असं करून टाकलं.

दुसरं म्हणजे घरं दाखवायची ती पावसात. बाकीचे एजंट पाऊस थांबू दे म्हणतात, ह्या जुलैत छत्री घेऊन दारात उभ्या. सोलापूरच्या अख्ख्या पावसाळ्यापेक्षा जास्त पाऊस तिकडं एका जुलैत पडून जातो, तर अशात घर बघितलं की काही लपतच नाही. काकू आत गेल्या की पहिलं भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून सरळ आत डोकं घालायच्या आणि वास घ्यायच्या. मग कपाटामागं हात. मग खिडकीचं ग्रिल नखानं खरवडून बघायचं, नवीन ऑइलपेंटखाली खाऱ्या वाऱ्यानं किती खाल्लंय ते. स्लॅबवर पत्रा आहे का, नसला तर का नाही. एका घरात मालक म्हणत होता "गळतीचा प्रॉब्लेमच नाही" आणि ह्यांनी काही न बोलता कोपऱ्यातला सोफा थोडा पुढं ओढला, मागं बादली. मालक पण हसायला लागला, काय करणार.

पाण्याचं मालकाला विचारायचं नाही, शेजारणीला विचारायचं, हा पण त्यांचा नियम. "मे महिन्यात विहिरीत किती असतं? शीळ धरणाचं पाणी उन्हाळ्यात कसं येतं?" मी म्हटलं काकू, आम्ही सोलापूरचे, आमच्याकडं उजनी फुल्ल असली तरी नळ चार-पाच दिवसांनी येतो, आम्हाला पाण्याची भीती घालू नका. त्यावर त्या मनापासून हसल्या, पण शेजारणीला विचारायचं काही सोडलं नाही.

आता जे खटकलं ते पण लिहितो. भाट्याच्या बाजूला एक घर आम्हाला फार आवडलं होतं. काकूंनी सर्च रिपोर्ट, म्हणजे वकिलाकडून जुन्या कागदांची तपासणी, होईपर्यंत विसार (टोकनचे पैसे) द्यायचा नाही म्हणून अडवून धरलं, तेवढ्यात दुसऱ्या एजंटनं पार्टी आणून व्यवहार करून टाकला. कागद तिथं बऱ्यापैकी साफ दिसत होते, फक्त एका भावाची सही बाकी होती. माझं मत आजही असं आहे की छोटी रक्कम देऊन, वकिलाकडून नीट अटी घालून विसार पावती केली असती तर ते घर हातचं गेलं नसतं. काकूंना त्याचं काहीच नाही, "गेलं ते गेलं." त्यांच्याकडं घरं येत राहतात, आमच्याकडं सुट्ट्या येत नाहीत ना ओ.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत नाहीत. मागितले की "फोटोत सगळी घरं सारखीच" असा भलामोठा व्हॉइस मेसेज येतो, त्यात मधेच कोणाला तरी गॅस बंद करायला सांगतात. मे महिन्यात आंब्याचा घरचा धंदा असल्यामुळं फोन लागत नाही म्हणजे नाहीच. ब्रोकरेज २ टक्के, एक रुपया कमी नाही, आणि मालकाकडून पण घेतात. हे पहिल्याच दिवशी सांगतात हे खरं, पण दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस आपल्यासाठी भाव किती ताणून करणार? आमचा अनुभव, फारसा नाही. घासाघीस तुमची तुम्हालाच करायची आहे हे धरून चाला. त्यांनी सुचवलेला पेंटर तर विचारूच नका.

पण एवढ्या गर्दीत आम्हाला घर कसं मिळालं ते बघा. फिरायला सुरुवात करायच्या आधीच त्यांनी होम लोनचं सँक्शन लेटर काढायला लावलं होतं. "ते पिशवीत असलं की मी मालकासमोर ताठ बसते." मग नाचणे भागातलं एका निवृत्त गुरुजींचं रो हाऊस विकायला निघालं, ते दोघं पुण्याला मुलाकडं चालले होते. बघायला आलेल्या पार्ट्या बऱ्याच, सगळ्यांची घाई एकच, किल्ली कधी देता. काकू मात्र गुरुजींशी किमतीचं बोलल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल, आत स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या मिसेसशी बसल्या, अर्धा तास. बाहेर आल्यावर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना ह्या घरात शेवटचा गणपती बसवायचाय. मागायला संकोच वाटतोय. तुम्ही आपणहून म्हणा." आम्ही म्हटलं. साठेखत, म्हणजे पुढं खरेदी करायचा करार, लगेच नोंदवलं, बाकी रक्कम आणि ताबा गौरी-गणपती झाल्यावर, खरेदीखत त्याच वेळी. दुसऱ्या पार्टीनं आमच्यापेक्षा जास्त लावले होते हे नंतर गुरुजींनीच सांगितलं. गणपतीला आम्हालाच जेवायला बोलावलं होतं, उकडीचे मोदक, आमच्या आईनं इकडून कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिलेली, गुरुजींनी ती भाकरी चहात बुडवून खाल्ली. चालतंय.

कागदाच्या बाबतीत शेवटपर्यंत कडक. वकील त्यांनी दिला नाही, "तुमचा तुम्ही करा, माझा नको." ३० वर्षांचा सर्च, पेपरात जाहीर नोटीस, घरपट्टी-लाइटबिलाची बाकी, सगळं झाल्यावरच रजिस्टर ऑफिसला गेलो. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या हे पण त्यांनीच सुचवलं, मुद्रांक शुल्कात महिलांना १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर जात नाही. कर्ज दोघांच्या नावावर आणि घर तिच्या, ह्यावरून माझा मेहुणा अजून टोमणे मारतोय.

घाईत असाल, सुट्टीच्या दोन दिवसांत डील करून परत यायचंय असं असेल तर ह्या काकू तुमच्या कामाच्या नाहीत. राहायला घर घेताय आणि रोज कुणीतरी मुंबईच्या पार्टीची भीती घालतंय, तर अशाच कुणाला तरी शोधा. एक स्टार कापलाय तो भाट्याच्या घरासाठी, अर्धा कापणार होतो पण पेंटर आठवला. स्लॅबवरच्या पत्र्याचं काम ज्याला दिलंय तो आता दिवाळीनंतर म्हणतोय, त्याचा रिव्ह्यू वेगळा टाकतो.