बलं आणि गतीची गणितं: पाच महिन्यांनंतर

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर भौतिकशास्त्राच्या वाटेला पुन्हा गेलो, ते निव्वळ हौस म्हणून. फक्त बलं आणि गती यांवरच्या गणितांचा एक संग्रह घेतला आणि रोज रात्री दोन-तीन गणितांचा रतीब लावला. संग्रहाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्या चुकाही काढणार आहे.

पहिला महिना जवळपास वाया गेला. सूत्र शोधायचं, आकडे कोंबायचे, मागच्या पानावर उत्तर बघायचं, जुळलं की पुढे. मग एक साधंसं गणित आडवं आलं. 10 किलोचं खोकं जमिनीवर स्थिर आहे, स्थितिक घर्षणाचा (वस्तू हलायच्या आधीच्या घर्षणाचा) गुणांक 0.4, आडवा जोर 30 न्यूटन. घर्षण किती? मी झटकन 0.4 गुणिले 98 (खोक्याचं न्यूटनमधलं वजन) करून 39.2 लिहिलं. मागे उत्तर होतं 30. छपाईची चूक समजून पान उलटलं. तीन दिवसांनी डोक्यात उजेड पडला: घर्षण खरंच 39.2 असतं, तर ते खोकं ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आलं असतं! 39.2 ही घर्षणाची कमाल मर्यादा. तिच्या आत घर्षण जेवढ्यास तेवढं.

तिथून पद्धत बदलली. आधी आकृती, सूत्र नंतर. एकच वस्तू बाजूला काढायची, तिच्यावरच्या बलांचे बाण काढायचे आणि प्रत्येक बाणाला विचारायचं, ‘तुझा मालक कोण?’ दोरी, जमीन, पृथ्वी, हात, कुणीतरी हवं. वर फेकलेल्या चेंडूवर मी सवयीने वरच्या दिशेचा बाण काढायचो. पण हात तर केव्हाच सुटलेला. हवेचा विरोध सोडला तर उरते एकटी पृथ्वी, आणि ती खालीच ओढते. असे बेवारस बाण खोडण्यातच माझ्या निम्म्या चुका गेल्या.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ताणकाट्याने, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याने. काटा आडवा, दोन्ही टोकांच्या दोऱ्या कप्प्यांवरून खाली आणि प्रत्येकीला 2 किलोचं वजन. काटा किती दाखवेल? मी आधी 4 किलो म्हटलं, मग ‘दोन्हीकडून सारखंच, म्हणजे शून्य’ म्हटलं. उत्तर 2. एका टोकाचं वजन काढून ती दोरी भिंतीला बांधली तरी 2 च, कारण आता दुसरीकडून तेच 19.6 न्यूटन भिंत ओढते. हे पटायला मला आठवडा लागला, सांगायला लाज कशाची.

आता तक्रारी. उत्तरं आहेत, रीत नाही. अडलात की अडलात. g (पृथ्वीच्या ओढीने येणारं त्वरण) कुठे 9.8, कुठे 10, आणि कोणता घ्यायचा ते लिहिलेलं नाही. कप्पी वजनरहित, दोरी वजनरहित, याचा तर कंटाळाच येतो. आणि एक उत्तर चक्क चुकीचं आहे. 60 किलोचा माणूस खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्टचा वेग सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतोय. उत्तर दिलंय 468 न्यूटन. मी दोन संध्याकाळी स्वतःलाच दोष देत बसलो. शेवटी वजनकाटा उचलला आणि लिफ्टमध्ये उभा राहिलो (शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजोत). खाली येताना थांबायच्या आधी काटा वर चढला. गती खाली असली तरी त्वरण (वेगातला बदल) वर. म्हणजे 60 गुणिले 11.8 (9.8 अधिक 2), 708 न्यूटन. संग्रहकर्त्याने गतीची दिशा हीच त्वरणाची दिशा धरलेली दिसते. खरं तर या एका चुकीने मला दहा बरोबर उत्तरांपेक्षा जास्त शिकवलं.

परीक्षा पंधरवड्यावर आली असेल तर हा संग्रह घेऊ नका, चिडचिड होईल. वेळ हाताशी असेल आणि शेजारी बसून ‘हा बाण कुणाचा?’ असं विचारणारं कुणी असेल, तर जरूर घ्या.

माझी 11 गणितं अजून बाकी आहेत. त्यांतलं एक घर्षणरहित जमिनीवरच्या पाचरीचं: ठोकळा उतारावरून घसरतो आणि पाचर उलट्या बाजूला सरकते. बाण सगळे मालकासकट काढून झालेत, दोन समीकरणं मांडलीत, तिसरं काही सुचत नाहीये.