जुन्या बाजारातला ‘साहेबाचा मीटर’

चाळीस वर्षं मोटार वाइंडिंग केलेला माणूस वीज मोजायचा काट्याचा मीटर घेताना फसला, हे सांगायची लाजच वाटते. पण परवा ओळखीतल्या एका मुलानं विचारलं, “काका, जुना ॲव्होमीटर घ्यायचाय, काय बघून घेऊ?” तेव्हा म्हटलं, झाली ती शोभा पुरे, आता लिहूनच टाकावं.

आयटीआयला आमच्या वर्कशॉपमध्ये एकच ॲव्होमीटर होता, मॉडेल ८. कातडी पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. हात लावायला मिळायचा तो प्रॅक्टिकलपुरता. डायलवर आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा. तिरक्या नजरेनं वाचला की सरांची फूटपट्टी हातावर बसायची. तेव्हापासून डोक्यात होतं, कधीतरी असला एक आपल्या टेबलावर हवा.

ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरला टेलिफोनच्या कामासाठी वेगवेगळे मीटर वागवायचा कंटाळा आला आणि त्यातून १९२३ साली हा सगळं एका डब्यात मोजणारा मीटर निघाला. ॲम्पियर, व्होल्ट, ओहम यांची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे ॲव्हो. पहिला नुसतं डीसी मोजायचा. मॉडेल ८ आलं १९५१ ला आणि ते पार २००८ पर्यंत बनत राहिलं. म्हणजे आजही चांगले नग फिरतात, आणि म्हणूनच वाईटही.

मी घेतला तो पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. विकणारा तरुण, बोलायला गोड. “काका, साहेबाचा मीटर आहे. टेलिफोन खात्यातून निघालाय.” ६,५०० सांगितले. मी उठून दोन पावलं गेलो, त्यानं हाक मारली, ४,२०० ला तुटलं. मला वाटलं मीच त्याला लुबाडलं.

दाखवलं त्यानं सगळं. दोन्ही वायरी एकमेकींना लावल्या, काटा शून्य ओहमवर. खिशातून ९ व्होल्टची बॅटरी काढली, १० व्होल्टच्या रेंजवर (म्हणजे काटा टोकाला गेला की १० व्होल्ट) लावली, काटा नऊच्या जरा पुढे. मोठ्या ओहमची रेंज दाखव म्हटलं तर म्हणाला, “त्याला १५ व्होल्टची बारकी बॅटरी लागते, ती आता कुठे मिळते काका?” हे मात्र खरंच आहे, ती सहज मिळत नाही, लोक ३ व्होल्टचे पाच बटण सेल एकापुढे एक लावून भागवतात. थाप मारणारा मध्ये एखादं खरं असं पेरतो की आपण मान डोलावतो.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांना तिथेच दिसली होती. काटा जाडसर होता आणि आरशापर्यंत पोचतच नव्हता. असल्या मीटरचा काटा आरशाच्या पट्टीवरून धारेसारखा जातो. दिसलं, पण मन म्हणालं, कुणीतरी कधीतरी बदलला असेल. हौसेपुढे अक्कल उभी राहत नाही ती अशी.

घरी आल्यावर भाचा आला होता, नुकताच वायरमनच्या हाताखाली लागलेला. “मामा, बघू दे की.” हॉलमधल्या बोर्डाचं झाकण काढलं, एसी २५० च्या रेंजवर मीटर लावला. काटा जेमतेम हलला. “मामा, लाइनच नाहीये,” म्हणत पोरगं स्क्रू सोडवायला बोट पुढे नेतंय, आणि वर पंखा फिरतोय! मी ओरडलो. टेस्टर लावला, दिवा लख्ख पेटला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ४,२०० गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं. डबा खरा, डायल खरी, नॉब खरे. आतली काटा फिरवणारी कॉइल मात्र भलत्याच स्वस्त मीटरची, पूर्ण काटा फिरवायला १ मिलिअँपिअर, म्हणजे १,००० मायक्रोअँपिअर घेणारी. मॉडेल ८ पूर्ण काटा फिरवायला डीसीवर अवघे ५० मायक्रोअँपिअर घेतं, म्हणून त्याला व्होल्टमागे २०,००० ओहम म्हणतात, म्हणजे १० च्या रेंजवर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स २ लाख ओहम. माझा व्होल्टमागे १,०००, म्हणजे तिथे अवघा १० हजार. जुन्या गुंडाळीच्या रेझिस्टन्समध्ये एक नवा कोरा रेझिस्टर डाग दिलेला: रंगाचे पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी, म्हणजे १० किलोओहम. तेवढ्यानं १० व्होल्टची एकच रेंज बरोबर चालते. म्हणूनच खिशात नऊची बॅटरी! २५ च्या रेंजवर २४ व्होल्ट दिले तर काटा दोनाच्याही आत. काटा टोकाला आपटला की उडून मीटर वाचवणारं कटआउटचं बटणसुद्धा फेविक्विकनं चिकटवलेलं.

घ्यायला जाल तर खिशात ९ व्होल्टची बॅटरी आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर न्या, तपकिरी-काळा-पिवळा. दोन-तीन रुपयांचा येतो. आधी बॅटरी सरळ मोजा. मग मध्ये रेझिस्टर घालून त्याच १० च्या रेंजवर मोजा. खरा मॉडेल ८ सहाच्या आसपास दाखवेल. माझ्या मीटरनं एक व्होल्टसुद्धा दाखवला नाही. शिवाय एकाच रेंजवर समाधान मानू नका, निदान तीन रेंजवर बघा, आणि विकणाऱ्याच्या बॅटरीवर नाही, आपल्या. मागचं झाकण उघडू देत नसेल तर पेटी तिथेच ठेवा.

पुढच्या रविवारी परत गेलो. “तुमच्यासमोर चालवून दाखवला ना काका?” इतकंच त्याचं म्हणणं. फार बोलाबोली झाल्यावर म्हणाला, “आणा, १,५०० ला परत घेतो.” क्षणभर हात पुढे गेला होता. मग लक्षात आलं, हा तोच मीटर पुढच्या बुधवारी दुसऱ्या कुणाला तरी ४,२०० ला देणार. पेटी उचलली आणि बस पकडली. घरी येऊन आतला तो रेझिस्टर तोडून टाकला आणि डायलच्या काचेवर खिळ्यानं आडवी-उभी फुली मारली.