हासुईचं बर्फातलं झोजोजी: युद्धापूर्वीची प्रत घ्यावी की सहा मिलिमीटर शिक्क्याची?

जपानी चित्रकार कावासे हासुईचं ‘शिबा झोजोजी’, म्हणजे टोकियोतल्या झोजोजी मंदिराचं लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं चित्र, घ्यायचं पक्कं झालं, की अडतं ते प्रतीपाशी. १९२५ साली प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी ‘टोकियोची वीस दृश्यं’ या मालिकेत ते काढलं आणि मागणी राहिली तशी पुढेही छापलं.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या चांगल्या प्रतीत रेघ धारदार असते. पाइनच्या फांद्या, छत्री, लाल महाद्वाराच्या छपराखालची लाकडी जोडणी, सगळं सुटं सुटं दिसतं. आकाशातली बोकाशी, म्हणजे ठोकळ्यावरच ओल्या ब्रशने विरवत नेलेला रंग, तीही जास्त हळुवार वाटते. किंमत अर्थात चढी.

पण या चित्रातला बर्फ म्हणजे कोरा होशो, म्हणजे जपानी हातकागद. तिथे रंगच नाही. वर्षानुवर्षं आम्लयुक्त पुठ्ठ्यावर, फ्रेममध्ये राहिलेली प्रत तपकिरी पडते आणि बर्फाला चहाचा रंग येतो. निळ्या रात्रीच्या चित्रात हा डाग लपतो, इथे नाही. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, खिडकीची तपकिरी चौकट तर एकदा दिसली की नजर तिथेच जाते. धुऊन घेता येईल असं विक्रेते सांगतात. पण हे रंग पाण्यातले, महाद्वाराचा लाल फुटण्याचा धोका राहतोच.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात प्रकाशकाचा सहा मिलिमीटरचा गोल शिक्का असलेल्या प्रती साधारण १९४६ ते १९५७ मधल्या. हासुई १९५७ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतल्याच. रंगाची उतरण थोडी सपाट वाटते, हे मान्य. पण पांढऱ्याशुभ्र बर्फावर तो लाल जसा उठतो, तसा जुन्या डागाळलेल्या प्रतीत माझ्या पाहण्यात आलेला नाही. जुनी, स्वच्छ आणि परवडणारी प्रत मिळाली तर प्रश्नच मिटला, क्वचित मिळते.

कुठलीही घ्या, फ्रेमबाहेर काढून दिवसाउजेडी काढलेले फोटो मागा, शेजारी पांढरा कोरा कागद ठेवून. पाठीचा फोटो हवाच: लाल रंग मागे झिरपलेला दिसायला हवा. पाठ एकसारखी कोरी दिसली तर मागे दुसरा कागद चिकटवलेला असू शकतो. समास कापलेले नाहीत ना, चिकटपट्टीचे डाग समोर उतरलेत का, तेही बघा. मुंबई-कोकणात लावणार असाल तर बाहेरची भिंत टाळा. पावसाळ्यात ती ओल धरते, आणि बुरशीचे तांबूस ठिपके आधी बर्फावरच दिसतात.