डायनोसॉरची तिकिटे: कोरी घ्यावीत, वापरलेली की सीटीओ?

डायनोसॉर आणि प्रागैतिहासिक जीवांची टपाल तिकिटे जमवायची असे ठरवले, की विक्रेत्याकडे एकच तिकीट तीन रूपांत समोर येते. एक कोरे, म्हणजे मागचा गोंद शाबूत असलेले. दुसरे पत्रावर लावून, प्रवास करून, शिक्का खाऊन आलेले. तिसरे सीटीओ ('कॅन्सल्ड टू ऑर्डर'), म्हणजे टपाल खात्यानेच शिक्का मारून, पत्रावर न लावता थेट संग्राहकांच्या बाजारात उतरवलेले. चित्र तेच असते, पण किंमत, टिकाऊपणा आणि पुढचा उपयोग यांत मोठा फरक पडतो. या विषयात तो फरक इतर विषयांपेक्षा जास्त जाणवतो. १९६० नंतर पूर्व युरोप, मंगोलिया, क्युबा, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया अशा देशांनी डायनोसॉरचे भरपूर संच काढले आणि त्यातला बराच माल सीटीओ रूपातच जगभर गेला.

आधी हद्द ठरवा

फक्त डायनोसॉर जमवायचे की सगळेच प्रागैतिहासिक जीव? हे ठरल्याशिवाय बाकीची तुलना व्यर्थ आहे, कारण संच विकत घेताना दोन्ही मिसळूनच मिळतात. पोलंडचा १९६५ चा प्रसिद्ध संच १० तिकिटांचा आहे. त्यात ब्रोंटोसॉरस, स्टेगोसॉरस, ब्रॅकिओसॉरस, स्टायरॅकोसॉरस, कोरिथोसॉरस आणि टायरॅनोसॉरस हे सहा डायनोसॉर. उरलेल्या चारांत क्रिप्टोक्लायडस हा प्लेसिओसॉर (लांब मानेचा समुद्री सरीसृप), मेसोसॉरस हा जलचर सरीसृप, रॅम्फोरिंकस हा उडणारा टेरोसॉर आणि एडॅफोसॉरस तर सस्तन प्राण्यांच्या पूर्वजकुळाच्या जवळचा. ब्रिटनच्या २०१३ च्या १० तिकिटांतही इक्थिओसॉरस, प्लेसिओसॉरस, ऑर्निथोकायरस आणि डायमॉर्फोडॉन हे चौघे डायनोसॉर नाहीत. पोलंडच्या १९६६ च्या ९ तिकिटांच्या दुसऱ्या संचात माशांपासून मॅमथपर्यंत सगळे येतात.

आमचे मत सांगतो: हद्द 'प्रागैतिहासिक जीव' इतकी रुंद ठेवा, पण संग्रहाचा कणा डायनोसॉरचा असू द्या. अगदी काटेकोर 'फक्त डायनोसॉर' संग्रह केला तर प्रत्येक संच फोडावा लागतो आणि फुटलेल्या संचाला पुढे गिऱ्हाईक मिळणे कठीण. शिवाय भारताचे महत्त्वाचे तिकीट त्या हद्दीबाहेर पडते. १३ जानेवारी १९५१ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीनिमित्त निघालेले दोन आण्यांचे तिकीट स्टेगोडॉन गणेसा या शिवालिक टेकड्यांतल्या लांब सुळ्यांच्या हत्तीकुळाच्या प्राण्याचे आहे. नामशेष प्राणी जिवंत रूपात दाखवणारे ते जगातले पहिले टपाल तिकीट मानले जाते. डायनोसॉरचे पहिले तिकीट त्यानंतर सात वर्षांनी, १९५८ मध्ये चीनने काढले. तीन तिकिटांच्या त्या संचात ट्रायलोबाइट (कवचधारी सागरी जीव), चीनच्याच युनान प्रांतातल्या लुफेंगचा लुफेंगोसॉरस हा डायनोसॉर आणि महाकाय शिंगांचे हरीण आहे. १९९७ मध्ये बिरबल साहनी पुरावनस्पती संस्थेच्या निमित्ताने भारताने वनस्पती-जीवाश्मांची चार तिकिटे काढली. तीही रुंद हद्दीतच बसतात.

कोरी तिकिटे

कोऱ्या तिकिटाची किंमत त्याच्या मागच्या बाजूला असते. गोंद पूर्ण, अस्पर्श आणि हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायच्या छोट्या कागदी पट्टीचा, डाग नाही, अशा तिकिटाला सगळ्यात जास्त भाव. एकदा हिंज लावून चिकटवले की तेच तिकीट 'हिंज्ड' होते आणि भाव लक्षणीय उतरतो. म्हणून कोरे घ्यायचे तर माउंट (तिकिटाला न चिकटणारे पारदर्शक पाकीट) किंवा चांगले स्टॉकबुक (तिकिटे सरकवायच्या पट्ट्यांची वही) हा खर्च सुरुवातीलाच धरा. साध्या पीव्हीसीच्या पाकिटांतला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारे रसायन) हळूहळू कागदात उतरतो. ती पाकिटे स्वस्त असली तरी घेऊ नका.

खरी अडचण हवेची. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात गोंद ओल धरतो. अल्बम आडवे एकावर एक रचले असतील तर दाबाने तिकिटे पानाला चिकटतात आणि सोडवताना गोंद जातो. कागदावर तांबूस ठिपके पडतात, त्यांना संग्राहक टोनिंग म्हणतात. एकदा पडलेला ठिपका सुरक्षितपणे घालवता येत नाही. अल्बम उभे ठेवा, फार घट्ट दाबून नको. कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग पालटला की त्या तापवून कोरड्या करून परत वापरा. कोरड्या दिवशी पाने उघडून वारा लागू द्या. डांबराच्या गोळ्या मात्र अल्बमच्या जवळपासही नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला बाधते. एवढे सांभाळायची तयारी असेल, किंवा घर पुणे-नाशिक-नागपूरकडच्या कोरड्या हवेत असेल, तरच कोऱ्यांच्या वाटेला जावे.

कोरेच घ्यावे असे काही संच मात्र आहेत. अमेरिकेचे १९९७ चे 'डायनोसॉरांचे जग' हे १५ तिकिटांचे पान, दर्शनी किंमत प्रत्येकी ३२ सेंट, चित्रकार जेम्स गर्नी. पानावर दोन सलग देखावे आहेत: १५ कोटी वर्षांपूर्वीचा कोलोरॅडो आणि ७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मोंटाना. तिकिटे या देखाव्यांतच कोरलेली आहेत. वापरलेली सुटी १५ मिळवली तरी देखावा हरवतो. हे पान पूर्ण आणि कोरेच हवे. अमेरिकेच्या २०१९ च्या टायरॅनोसॉरसच्या चार तिकिटांपैकी दोन, तिरके धरल्यावर हलल्यासारखी दिसणाऱ्या छपाईची आहेत. त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली खराब होतो, म्हणून ती जाड पानांमध्ये चिरडू देऊ नका.

चिनी १९५८ च्या संचाबाबत एक खबरदारी. त्या काळातली बहुतेक चिनी तिकिटे गोंद न लावताच निघत. मागे गोंद नाही म्हणून विक्रेत्याशी भाव पाडण्याची घासाघीस करू नका, आणि उलट, चकचकीत गोंद दिसला तर तो नंतर कोणी लावला का, हे विचारा.

पत्रावरून आलेली तिकिटे

यांना मागे गोंद नसतो, त्यामुळे दमट हवेत यांच्याइतके बिनघोर काही नाही. खर्चही कमी. पण 'वापरलेले' म्हणजे कसेही चालेल असे नाही. शिक्का हलका, तारीख वाचता येणारी, आणि मुख्य प्राण्याच्या डोक्यावरून न गेलेला हवा. पेनाने रेघ मारून रद्द केलेले तिकीट सोडून द्या. कडेचे दाते चारही बाजूंनी मोजून पाहा. कोपऱ्याचा एक दात आखूड असला तरी भाव पडतो.

पाकिटावरून काढताना तिकिटाभोवती सुमारे एक सेंटिमीटर कागद सोडून कापा. कोमट पाण्यात १५-२० मिनिटे तरंगू द्या. तिकीट आपोआप सरकायला लागले की चिमट्याने उचला, ओढून सोलू नका. लाल, हिरव्या किंवा गडद रंगाच्या पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवा, नाहीतर रंग सुटून सगळी तिकिटे डागाळतात. टीपकागदावर चित्र खाली करून वाळवा आणि मग जाड पुस्तकाखाली दाबा.

हा नियम स्वयंचिकट तिकिटांना लागू पडत नाही. ब्रिटनचा २०१३ चा संच, जॉन सिबिक यांनी रंगवलेला, ज्यात प्राण्यांची शेपटी नि माना चौकटीबाहेर येतात, तो स्वयंचिकट आहे. अशी तिकिटे पाण्यात नीट सुटत नाहीत. उलट बाहेर आलेले नाजूक टोक तुटते. ती पाकिटाच्या कागदासकट, चारही बाजूंनी सारखा कागद ठेवून कापून घ्या आणि तशीच जपा.

वापरलेल्यांत संच पूर्ण करणे सगळ्यात जिकिरीचे. ब्रिटनचा १९९१ चा संच पाहा. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८४१ मध्ये डायनोसॉरांना वेगळा गट मानल्याच्या १५० वर्षांनिमित्त निघालेली ही पाच तिकिटे: २२ पेन्स इग्वानोडॉन, २६ स्टेगोसॉरस, ३१ टायरॅनोसॉरस, ३३ प्रोटोसेरॅटॉप्स, ३७ ट्रायसेरॅटॉप्स. २२ पेन्सचे साध्या देशांतर्गत पत्रावर लागे, म्हणून ते ढिगाने मिळते. वरच्या किमतीची परदेशी टपालावर जात, त्यामुळे स्वच्छ शिक्क्याची शोधावी लागतात. (ओवेनने ज्या तीन प्राण्यांवरून हा गट ठरवला, त्यांतला या पाचांत फक्त इग्वानोडॉन. संचाच्या निमित्ताशी खरे नाते त्याचेच.) घाई असेल तर हा संच कोराच घ्या, तो महाग नाही.

सीटीओ

ओळखायला सोपे: शिक्का कोपऱ्यात नेमका पाव वर्तुळाचा, प्रत्येक तिकिटावर तसाच, आणि मागे गोंद पूर्ण. पोलंडचे दोन्ही संच, मंगोलियाचा १९६७ चा, क्युबा नि व्हिएतनामचे १९८० च्या दशकातले संच या रूपात अगदी अल्प पैशांत मिळतात. लहान मुलाला प्राण्यांची नावे, काळ, देश यांची गोडी लावायची तर याहून चांगली सुरुवात नाही. हाताळताना तिकीट खराब झाले तरी जीव कळवळत नाही. नवख्यांनी सीटीओला कमी लेखू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

मर्यादा दोन. पुन्हा विकताना जवळजवळ काही मिळत नाही. आणि गोंद असल्यामुळे पावसाळ्यातली काळजी कोऱ्यांइतकीच घ्यावी लागते, भाव मात्र तसा नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्याने सीटीओ भिजवून गोंद काढून टाकला तरी त्याचे फारसे नुकसान नाही.

स्वस्त मालात आणखी एक धोका आहे: बेकायदा तिकिटे. एखाद्या देशाच्या नावाने खाजगी छापखान्याने काढलेली, त्या देशाच्या टपाल खात्याला ठाऊकही नसलेली डायनोसॉरची चकचकीत पाने बाजारात पुष्कळ आहेत. २००२ पासूनच्या तिकिटांसाठी जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस नोंदणीत शोधा. तिथे देशाचा संक्षेप, अनुक्रमांक आणि वर्ष मिळून प्रत्येक तिकिटाला क्रमांक असतो. नोंद सापडली तर प्रश्न मिटला. सापडली नाही म्हणजे बनावटच असे नाही, कारण सगळे देश त्यात भाग घेत नाहीत. तेव्हा तिकिटांच्या मोठ्या कॅटलॉगात पाहा आणि जागतिक टपाल संघाची सदस्य देशांच्या तक्रारींची परिपत्रके तपासा.

प्रदर्शनात मांडायचे असेल तर

महापेक्ससारख्या (महाराष्ट्राच्या राज्यस्तरीय) टपाल तिकीट प्रदर्शनात एका फ्रेमला साधारण ए-फोर आकाराची १६ पाने लागतात. विषयवार स्पर्धेत परीक्षक बेकायदा तिकिटे मान्य करत नाहीत, सीटीओ शक्यतो टाळावे अशी अपेक्षा असते, आणि कोरी व वापरलेली एकाच पानावर मिसळलेली त्यांना खटकतात. नुसत्या तिकिटांनी गुणही मिळत नाहीत. विषयाचा शिक्का असलेली कव्हरे (तिकीट लावलेली पाकिटे), मॅक्सिमम कार्डे (तिकिटाशी जुळणाऱ्या चित्राच्या पोस्टकार्डावर तेच तिकीट लावून शिक्का मारलेली), छपाईतले फरक हवेत. शिवाय गोष्ट हवी. आमच्या मते या विषयातली सगळ्यात समृद्ध गोष्ट विज्ञान बदलल्याची आहे. अमेरिकेच्या १९८९ च्या २५ सेंटच्या चार तिकिटांत 'ब्रोंटोसॉरस' छापले तेव्हा शास्त्रीय नाव अ‍ॅपॅटोसॉरस आहे, म्हणून गदारोळ झाला. २०१५ च्या संशोधनाने ब्रोंटोसॉरस हे वेगळे नाव पुन्हा उभे केले. त्याच चारांतला टेरॅनोडॉन हा टेरोसॉर मात्र तेव्हाही डायनोसॉर नव्हता, आजही नाही. एवढ्या चार तिकिटांवर एक पूर्ण पान बेतता येते.

कोणी काय घ्यावे

मुलासाठी किंवा नुसत्या आवडीसाठी: पोलंड १९६५ आणि १९६६ सीटीओ, सोबत १९५१ चे स्टेगोडॉन वापरलेले. किनारपट्टीवर राहणाऱ्या नि वेळ कमी असलेल्या संग्राहकासाठी: सगळा संग्रह वापरलेल्यांचा, फक्त १९९७ चे अमेरिकी पान कोरे. प्रदर्शनाचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून कोरी आणि खरी पोस्टाने गेलेली कव्हरे, सीटीओ नकोच. नव्या भारतीय तिकिटांसाठी मुंबई किंवा पुण्याच्या मुख्य टपाल कार्यालयातल्या फिलाटेलिक ब्युरोत ठेव खाते उघडा, म्हणजे नवी तिकिटे घरी येत राहतात. परदेशातून मागवताना पुढच्या बाजूबरोबर मागच्या बाजूचेही स्कॅन मागा. ते द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.